पद्मावतीचे दात

दातांच्या डॉक्टरणीने दिवा खाली ओढला, छोटा आरसा पद्मावतीच्या गालात सरकवला आणि मान न वळवताच म्हणाली, "काका, जरा इकडे या. तुम्हीच बघा." गुरुदास स्टुलावरून उठला. खाली म्हापशाचा शुक्रवारचा बाजार भरला होता, बसवाले पेडणे-पेडणे, डिचोली-डिचोली असे ओरडत होते, आणि इथे वर, पहिल्या मजल्यावर, त्याच्या बायकोचे तोंड दिव्याखाली उघडे होते. तो वाकला. आणि त्याला एकदम वाटले, आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलो आहोत. उजव्या गालाच्या खोबणीत सकाळच्या पेजेची शिते होती, अजून तशीच, फुगलेली. हिरड्या लाल होत्या. आणि दातांच्या मुळाशी, दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या रेषेवर, एक पिवळसर मऊ थर बसला होता, निवलेल्या दुधावर साय धरावी तसा. आरशाची कड नुसती टेकली आणि एका हिरडीतून रक्त पाझरले. इतकी वर्षे संसार झाला, मुलगा वाढून पुण्याला गेला, हिच्या पायाच्या भेगा, कानामागचा तीळ, झोपेतला श्वास, सगळे आपल्याला पाठ आहे असे तो समजत होता. हे तोंड त्याने कधी पाहिलेच नव्हते. पद्मावतीचे डोळे मिटलेले होते. पण मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या, त्यावरून त्याला कळले की आपण पाहतो आहोत हे तिला समजले आहे.

डॉक्टरीण मूळची डिचोलीची, सुविधा नाव, त्याच्या मुलापेक्षा लहान असेल. तिने हत्याराच्या टोकाने तो थर थोडा खरवडला आणि हातमोज्यावर घेऊन दाखवला. "हे अन्न नव्हे, काका. जंतू आहेत. दाताला चिकटतात आणि एकावर एक घर करतात. प्लाक म्हणतात याला. तुमच्या-माझ्या तोंडातही रोज बसतो, आपण रोज घासून काढतो. काढला नाही तर लाळेतल्या क्षारांनी कडक होतो, त्याचं कीटण होतं. मग ते ब्रशने निघत नाही, माझ्याकडे यावं लागतं."

"मी चूळ भरायला देतो ना तिला," गुरुदास म्हणाला. "मिठाच्या पाण्याची. रोज."

"चुळीने हे जात नाही. आणि अर्धांगाचा झटका आल्यापासून काकूंना उजव्या गालात काही कळत नाही, घास तिथेच राहतो. त्यात गिळणं कमजोर. हेच जंतू लाळेबरोबर चुकीच्या वाटेने छातीत उतरतात. मागच्या महिन्यात छातीत कफ होऊन ताप आला, हॉस्पिटलात ठेवावं लागलं म्हणता, तो बहुतेक असाच. परत येऊ द्यायचा नसेल तर दात घासायला हवेत, दोन वेळा. त्यांचा उजवा हात चालत नाही. म्हणजे कुणीतरी घासून द्यायला हवेत."

चुळीने जात नाही, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात गेली होती. टाकी रिकामी केली की भिंतीवर बोट फिरवून बघायचे; डोळ्यांना स्वच्छ दिसणारी भिंत बोटाला बुळबुळीत लागायची. वरून पाइपने कितीही पाणी मारा, ते त्या बुळबुळीवरून नुसते घसरून जायचे. मग माणसे काथ्याचे ब्रश घेऊन आत उतरायची आणि इंच इंच घासायची, आणि त्यानंतरच क्लोरीनला काही अर्थ यायचा. हे ज्ञान त्याच्या बोटांत होते आणि तरी हॉस्पिटलातून घरी आणल्यापासून त्याने हिच्या गोळ्या वेळेवर दिल्या, चादरी बदलल्या, कूस बदलली, पाठीला पावडर लावली, आणि तोंडाचा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. उलट अलीकडे तिच्या श्वासाला वास यायचा तेव्हा तो खुर्ची नकळत थोडी जनेलाकडे, उघड्या खिडकीकडे, सरकवायचा. तिने ते पाहिले असेल का? परतताना रिक्षात ती पूर्ण वेळ बाहेर बघत होती. खोर्लीचा उतार, शाळेची पोरे, फणस मांडून बसलेली बाई, सगळ्याकडे बघत होती, फक्त त्याच्याकडे नाही.

संध्याकाळी त्याने डॉक्टरणीने सांगितले तसे सगळे मांडले. मऊ केसांचा लहान ब्रश, त्यावर मसुरीच्या दाण्याएवढीच पेस्ट, कारण फेस घशात जाता कामा नये. बशी, टॉवेल, बोटाला गुंडाळायला जाळीची पट्टी. तिला पाठीमागे उश्या देऊन ताठ बसवले, हनुवटी थोडी खाली. "आ कर गो," तो म्हणाला. तिने ओठ मिटले. "असा काय करतंस? वायच उगड." तिने ओठ आणखी घट्ट मिटले. पण उजवी बाजू तिच्या ताब्यात नव्हती. तिकडे ओठाचा कोपरा थोडा उघडाच राहिला, दाराला फट राहावी तसा. तिथून ब्रश आत घालता आला असता. तिला अडवता आले नसते. ही गोष्ट त्याच्या लक्षात आली त्याच क्षणी तिच्याही लक्षात आली असावी, कारण ती त्याच्याकडे एकटक बघू लागली. त्याने ब्रश बशीत ठेवला. "बरा," तो म्हणाला, "राव दे." आणि उठून उगीच स्वयंपाकघरात गेला, मेजावरचे भांडे इकडचे तिकडे केले, पाणी प्यायला.

ती लग्न होऊन आली ती मोप्याच्या सड्यावरच्या, उघड्या पठारावरच्या, गावातून. आता तिथे विमाने उतरतात, तेव्हा काजू आणि करवंदे होती आणि वारा. डिचोलीच्या त्यांच्या घरात ती सगळ्यांच्या आधी उठायची, आंब्याचे पान मधोमध दुमडून विहिरीपलीकडे जायची आणि त्याने दात घासायची. तो उठेपर्यंत तोंड धुऊन, कुंकू लावून तयार. म्हापशाला फ्लॅटमध्ये आल्यावरही कितीतरी दिवस तिने बाजारातून आंब्याची पाने आणली होती, मग कधीतरी पेस्ट सुरू झाली. न धुतलेल्या तोंडाची पद्मावती त्याने पाहिलेलीच नव्हती. आणि हसताना ती हात तोंडापुढे धरायची. त्याला वाटायचे, बायका धरतातच. मुलगा रुद्रेश झाल्यानंतर, ती बाळंतपणाला मोप्याला असताना, गुरुदासने एकदा सहज विचारले तेव्हा तिने सांगितले होते. तिला बघायला आले तेव्हा त्याची आत्या तिच्या आईला म्हणाली होती, पोरगी बरी आहे, दात तेवढे वायच पुढे. ती आतल्या खोलीत उभी राहून ऐकत होती. पुढचे दोन दात जरा एकमेकांवर चढलेले होते, एवढेच. हे सांगताना ती हसली होती, आणि हात तोंडापुढे होता. तो म्हणाला होता, "आत्येक काय कळता!" आणि विषय संपला होता. संपला असे त्याला वाटले होते. आता तो उजवा हात मांडीवर पडून असायचा, कामाची सोनाबाई उचलून ठेवील तिथे. आणि त्या झटक्यानंतर पद्मावती हसलेली नव्हती, हेही त्याला आत्ताच, स्वयंपाकघरात पेला हातात धरून उभे असताना, पहिल्यांदा जाणवले.

सोनाबाई दिवसभर कामाला यायची. खानापूरकडची, नवरा इमारतींच्या कामावर. पद्मावती तिच्याकडून अंघोळ करून घ्यायची, वेणी घालून घ्यायची. गुरुदासने तिला ब्रश दिला. थोड्या वेळाने आतून ओरडण्याचा आवाज आला आणि सोनाबाई बोट फुंकत बाहेर आली. "चावल्या की हो काकी! माझं बोट आवळ्यासारखं चावलं बघा." मग तीच हसायला लागली. "दात मात्र घट्ट हाईत हां, काका. काळजी करू नगा." रुद्रेशचा पुण्याहून फोन आला तेव्हा त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "बाबा, नर्स ठेवू या. त्यांना ट्रेनिंग असतं." गुरुदास बरे म्हणाला. नर्सचे दोनदा नाव काढले तेव्हा पद्मावतीने भिंतीकडे तोंड केले. असे दिवस गेले. तो रोज दोन वेळा ब्रश, बशी, टॉवेल मांडायचा, आ कर म्हणायचा, थांबायचा आणि सगळे पुन्हा उचलायचा. जबरदस्ती करायची नाही हे त्याने ठरवले होते. पण रोज आत काय साचत चालले आहे, हे त्याच्या बोटांना न लावताही जाणवायचे. पेज भरवताना चमचा तिच्या ओठांशी न्यायचा तेव्हा त्याला त्या खोबणीतली शिते दिसायची. वाटायचे, आपण भरवतो आहोत तेही चूक आणि न भरवले तरी चूक.

मग एका दुपारी तिचे अंग त्याला कोमट लागले. थर्मामीटर लावला, काढला, पुन्हा लावला. ताप नव्हता, उन्हाचा उकाडा होता, पंखा वीज गेल्याने बंद होता. पण तेवढ्या वेळात तो हॉस्पिटलच्या त्या वॉर्डात जाऊन आला होता, तिच्या नाकाला लावलेल्या नळीपाशी, छातीतल्या त्या घरघरीपाशी. तो पलंगाच्या कडेला बसला आणि न ठरवता बोलून गेला, "पद्मा, माका भय दिसता गो."

झटक्यानंतर तिचे शब्द जड झाले होते. ओठ नीट मिटत नसल्याने म आणि प निसटून जायचे, आणि असे निसटलेले शब्द कुणी ऐकू नयेत म्हणून ती बोलणेच टाळायची. आता तिने एकेक शब्द गोळा केला. "तुमी माजे घोव," ती म्हणाली. "आया न्हय."

खरे तर तो आयाच झाला होता. कूस बदलणे, पाठ पुसणे, सगळेच आयाचे. पण ते तिने डोळे मिटून चालवून घेतले होते. एवढे एक तिने मागे ठेवले होते, नवऱ्याने नवरा राहावे म्हणून. आणि आपण रोज दोन वेळा तिच्यापुढे बशी मांडून तेवढेही मागत होतो. त्याला तिचा राग येईना. आपल्याला कुणीतरी आजवर इतके मोठे मानले आहे, हे त्याला कळत होते. आणि त्याच वेळी हेही कळत होते की हे मानणे हिला पुन्हा त्या वॉर्डात नेईल.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच डॉक्टर सुविधाकडे गेला. ती ऐकत राहिली. मग तिने कपाटातून गुलाबी गोळ्यांची एक पट्टी काढली. "या काकूंना अजिबात नाही द्यायच्या, त्यांना चघळणं धोक्याचं आहे. या तुमच्यासाठी. दात घासून झाल्यावर एक चघळा, थुंका आणि आरशात बघा. जिथे थर राहिलाय तिथे रंग धरतो. दुसऱ्याचे दात घासायचे तर आधी आपले कुठे राहतात ते कळायला हवं." गुरुदासला हसू आले. त्याच्या दातांचे सगळ्या नातलगांत नाव होते. अडकित्त्याशिवाय सुपारी फोडायचा, उसाचे कांडे सोलायचा. कुठल्याच डॉक्टरच्या खुर्चीत तो कधी बसला नव्हता.

सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा खाली वाजून गेला, सोनाबाई उंडे पाव घेऊन वर आली, आणि तो पद्मावतीच्या पलंगासमोर उभा राहून दात घासू लागला. बेसिनपाशी जायचे सोडून तिथेच का, हे त्याने स्वतःला विचारले नाही. आयुष्यभर घासले तसेच घासले, आडवे, खसाखसा, आणि बालदीत थुंकून मोकळा झाला. पद्मावती बघत होती. मग त्याने गोळी तोंडात टाकली, चघळली, पुन्हा थुंकला. "बघ," तो म्हणाला, "माजे कशे आसत ते," आणि ऐटीत दात विचकले.

पद्मावतीचे डोळे मोठे झाले. नंतर तिच्या घशातून एक आवाज आला आणि तो घाबरून पुढे झाला, ठसका लागला की काय म्हणून. ठसका नव्हता. ती हसत होती. सोनाबाई दारात आली आणि तिनेही तोंडाला पदर लावला. "काका, हे काय हो! सकाळच्या पारी पान खाल्लासा व्हय?" त्याने भिंतीवरचा आरसा उतरवला. प्रत्येक दाताच्या मुळाशी गडद किरमिजी रेघ होती, खालच्या पुढच्या दातांच्या मागे तर नुसता चिखल. नाटकातला राक्षस शोभला असता. पण आरशात तो फार वेळ बघू शकला नाही, कारण पद्मावती अजून हसत होती. हसू डाव्या बाजूने चढत होते आणि उजवीकडे पोचता पोचता वाकडे होत होते. तोंडापुढे काही नव्हते. पुढचे दोन दात, एकमेकांवर जरासे चढलेले, ओले, पिवळे पडलेले, सकाळच्या उजेडात सरळ त्याच्यासमोर होते. ते आपल्याला आवडले, हे त्याला अगदी साधेपणाने कळले.

"हय या," ती म्हणाली. डावा हात पुढे केला. "ब्रश."

त्याने दिला. "वाका. आ करा." तो पलंगाच्या कडेला बसला, वाकला आणि त्याने तोंड उघडले. तिचा डावा हात सवयीचा नव्हता. ब्रश आधी नाकाला लागला, मग ओठाला, मग हिरडीत रुतला. पण भांडे घासणाऱ्या बाईचा हात होता, राहिलेला डाग तिला सोडवत नव्हता. ती खालच्या दातांच्या मागे गेली. गुरुदासच्या तोंडात लाळ जमली, गिळता येईना, थुंकता येईना. ती ओठावरून हनुवटीवर आणि हनुवटीवरून शर्टावर आली. त्याला बोलायचे होते, नुसता आ-आ असा आवाज निघाला. तिच्या मनगटाचा साबणाचा वास येत होता, तिचा श्वास गालावर येत होता, आणि तिचे डोळे त्याच्या तोंडाच्या आत होते, जिथे तो स्वतःही कधी डोकावला नव्हता. त्याला विलक्षण लाज वाटली. लहान मुलासारखी नव्हे, म्हाताऱ्या माणसासारखी. तोंड मिटून घ्यावे असे इतक्या जोराने वाटले की त्याने पलंगाची कड घट्ट धरली. म्हणजे हे असे असते, त्याच्या मनात आले. रोज आपण हिला म्हणत होतो ते हे. पद्मावतीने ब्रश बाहेर काढला. टॉवेल उचलला, त्याची हनुवटी पुसली, मग शर्टावरचे पुसले. "गेलो रंग," ती म्हणाली. "थोडो रवलो."

मग ती जनेलाबाहेर बघत राहिली. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी सांडगे वाळत घालत होते. सोनाबाई कधी निघून गेली ते दोघांनाही कळले नाही. बऱ्याच वेळाने पद्मावतीने मान वळवली आणि तोंड उघडले. फार नाही, बोटभर.

त्या पहिल्या दिवशी रक्त आले आणि तो थांबला. डॉक्टर सुविधा फोनवर म्हणाली, "हिरड्या सुजल्यात म्हणून येतंय, काका. थांबू नका, हळू करा. थर निघत गेला की रक्तही थांबेल." खरोखरच थांबत गेले. कडक झालेले कीटण तिने दवाखान्यात बोलावून थोडे थोडे काढले. रोजचे काम गुरुदासचे. ब्रश हिरडीकडे जरा तिरपा धरायचा, जोर लावायचा नाही, लहान लहान गोल फिरवायचा, एका वेळी दोनच दात. नंतर जाळीची पट्टी बोटाला गुंडाळून उजव्या गालाची खोबण पुसून घ्यायची. नियम पद्मावतीने घातला होता, आधी त्याचे, मग तिचे. त्यामुळे रोज सकाळ-संध्याकाळ त्याला आधी वाकावे लागायचे, आणि ती डाव्या हाताने त्याचे घासून, राहिलेला कोपरा दाखवून, ओरडून मोकळी व्हायची. तिचे घासताना ती बोलू शकायची नाही, म्हणून तो बोलायचा. टाकीत उतरलेल्या माणसांचे सांगायचा. भर पावसात फुटलेल्या पाइपचे. आणि एकदा, तिचे पुढचे दोन दात घासत असताना, सांगून गेला की तिला बघायला आले त्या दिवशी त्याने मान वर करून पाहिलेच नव्हते. चहाच्या कपावरची तिची बोटे तेवढी पाहिली होती आणि परतताना बसमध्ये हो म्हणून टाकले होते. पद्मावतीने ब्रश तोंडात असतानाच भुवया उंचावल्या. ती काय म्हणाली असती ते त्याला ऐकायचे होते, पण दात अजून बाकी होते.

पावसाळा सरत आला. ताप फिरकला नव्हता. व्यायाम शिकवणारी मुलगी घरी येऊन तिला चार पायांच्या काठीवर उभी करून जायची. पेज दाट झाली, मग भात आला. दवाखान्यात डॉक्टर सुविधाने हिरड्या तपासल्या आणि दिवा वर करत म्हणाली, "काकू, आता माझं काम कमी केलंत तुम्ही." गुरुदासला वाटले होते की हे ऐकून आपल्याला नुसता आनंद होईल.

एका सकाळी त्याला जाग आली तर शेजारचा पलंग रिकामा होता. तो धडपडत उठला. बाथरूममध्ये दिवा होता. पद्मावती बेसिनला पोट टेकवून उभी होती, काठी भिंतीला लावलेली, डाव्या हातात ब्रश. सोनाबाई अजून आलेली नव्हती. "अगो, पडशीत!" तो ओरडला. तिने आरशातूनच त्याच्याकडे पाहिले. "भायर रावा," ती म्हणाली, प्रत्येक अक्षर नीट, ब्रश बेसिनवर ठेवला आणि काठी उचलून तिच्या पायाने दार लोटून दिले.

तो बाहेर उभा राहिला. हातात सवयीने टॉवेल आणि बशी आली होती. आत ब्रशचा आवाज येत होता, हळू, थांबत थांबत, एका वेळी दोन दात. हे बरे झाले, त्याने स्वतःला सांगितले. हेच तर हवे होते. आणि तरी तो दाराच्या त्या बाजूला असा उभा होता की त्याच्या हातातून कुणी काहीतरी काढून घेतले आहे, आणि ते परत मागायचा त्याला अधिकार नाही. उद्यापासून सकाळी काय बोलायचे? बोलायला निमित्त काय? आत नळ चालू झाला, बंद झाला. ती थुंकली. मग बराच वेळ काहीच नाही, आणि तो दाराला कान लावायच्या बेतात असताना आतून हाक आली.

"आयकलात?"

"हां."

"मागचे माका दिसनत नाय. वायच येवन बघा."

त्याने दार ढकलले. ती त्याच्याकडे वळून उभी होती, बेसिनला रेललेली, आणि तिने आधीच आ केला होता. गुरुदासने बशी खाली ठेवली, हात धुतले, चष्मा लावला आणि वाकला.